करंट मुरायला वेळ लागतो

३ तारीख, सोमवार

गाडी घेतली. विजेवरची. शोरूमवाल्याने गाडीबरोबर ही डायरी फुकट दिली. कोरी ठेवून काय करायची, म्हणून लिहिते. सातवीत शाळा सोडली, त्यानंतर खिडक्यांची मापं सोडून काही लिहिलेलं नाही. चुका असतील तर असू देत, कोण वाचतंय.

जुनी व्हॅन मेली होती. पडदे शिवणाऱ्या बाईला गाडी लागतेच. खिडकी काही दुकानात चालत येत नाही. माप घ्यायला आपणच जायचं, आणि शिवून झालं की पडदे, रॉड, शिडी घेऊन लावायलाही आपणच जायचं. शोरूममध्ये मी टेप काढला, मागची सीट पाडली आणि मोजलं. आठ फुटी रॉड तिरका टाकला की बसतो. म्हटलं, द्या. विकणारा मोटर आणि बॅटरी आणि उतारावर करंट तयार होतो असं काय काय बोलतच होता. मी म्हटलं, रॉड बसला ना, मग झालं.

घरी आणली. यांनी चारी बाजूंनी बघितली आणि विचारलं, "हिचा प्लग कुठे लावायचा?"

हे आधी कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गाडी खाली पार्किंगमध्ये, आणि पार्किंगमध्ये एक बल्ब आहे तोही जळत नाही.

संध्याकाळी थोरली आली. माझीच मुलगी, बोलायला लागली की थांबत नाही. लोक आधी प्लग बघतात मग गाडी घेतात म्हणाली. मी म्हटलं, लोकांना रॉड न्यायचे नसतात. मग तिने परस्पर शोरूमवाल्याला फोन लावला. महिना संपेपर्यंत गाडी परत घ्यायला तो तयार आहे. त्यावर हिची अट. महिन्यात एकदा जरी गाडी रस्त्यात बंद पडली किंवा ओढून आणायला कुणाला बोलवावं लागलं, तर गाडी परत, पडद्यांचं काम बंद, आणि मी तिच्याकडे जाऊन नातवंडं सांभाळायची. नातवंडं गोड आहेत. पण गोड म्हणून किती वेळ बघत बसणार.

म्हटलं, ठरलं. हे "अगं, जरा विचार" एवढंच म्हणाले. विचार करायला काय झालंय.

४ तारीख, मंगळवार

गॅलरीतून इस्त्रीची लांब वायर खाली सोडली. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचली. तिला आणखी एक जोडली, आणखी एक जोडली. खाली सेक्रेटरी हात मागे बांधून बघत उभे. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवडून आलेले नाहीत, दुसरं कुणी तयार नाही म्हणून आहेत.

"हे काय आहे?"

"वायर."

"आग लागेल."

"याच वायरवर माझी इस्त्री चालते. अजून इमारत उभी आहे."

पार्किंगमध्ये पॉइंट बसवून द्या म्हटलं, तर सगळ्या सभासदांची सही लागते म्हणाले. मग घ्या सभा. तर सभेला कुणी येत नाही. म्हणजे संपलंच. वायर वर ओढताना दुसऱ्या मजल्यावरची एक कुंडी बरोबर वर आली, त्याचं भांडण वेगळं झालं. ते लिहीत नाही.

५ तारीख, बुधवार

वळणाच्या रस्त्यावर, बस थांब्यासमोर चार्जर आहे. तिथे गेले. प्लग दोन आणि गाड्या सहा. शेजारच्या चहावाल्याने खुर्च्या टाकल्यात आणि माणसं दवाखान्यात बसावीत तशी बसलीत. एका गृहस्थांनी मला गुडघ्याचं ऑपरेशन पहिल्या टाक्यापासून सांगितलं आणि गुडघा हात लावून बघा म्हणाले. सकाळची गेलेली मी जेवायची वेळ टळल्यावर घरी आले. तेवढ्यात माझे दोन पडदे अस्तरासकट झाले असते. निघताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, या जागेत मी पुन्हा पाय ठेवणार नाही.

हे बरोबर आले होते. सगळा जन्म ग्रंथालयात बसून लोकांना गप्प राहा म्हणण्यात गेला, आणि रिटायर झाल्यापासून घरात या खोलीतून त्या खोलीत फिरतात, उगीच वस्तूंना हात लावतात. तिथे मात्र दहा मिनिटांत तिघांशी गप्पा. घरी येताना म्हणाले, खुर्च्या चांगल्या होत्या.

७ तारीख, शुक्रवार

सापडलं.

वरच्या वस्तीत माप घ्यायला गेले होते. परत येताना सरळ उतार. वर होते तेव्हा मीटरवर एकोणसाठ टक्के, खाली आले तर साठ. कमी नाही झाला, वाढला. शोरूमवाला हेच सांगत होता आणि मी रॉड मोजत होते. गाडी उतारावर स्वतःचा करंट स्वतः करते. मग प्लग हवाय कुणाला?

९ तारीख, रविवार

यांना सगळं समजावून सांगितलं. जाताना वळणाच्या रस्त्याने जायचं. तिथे चढ इतका सावकाश आहे की गाडीच्या लक्षात येत नाही. येताना सरळ उताराने यायचं. गाडीत पंखा नाही, रेडिओ नाही, हॉर्न अगदी गरज पडली तर आणि तोही छोटा. चार्जर वाटेत लागतो, तिथे तोंड फिरवून पुढे जायचं.

"आणि उतार संपला की?"

"दुसरा शोधायचा."

हे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. यांची बघण्याची पद्धत अशी आहे की आपल्या कपाळाला काही लागलंय असं वाटतं. मग म्हणाले, डॉक्टरांनी मला दुपारचं चालायला सांगितलंय, उद्यापासून जातो. कुठले डॉक्टर दुपारी चालायला सांगतात कोण जाणे. पण घरातून बाहेर पडताहेत तर पडू देत.

१० तारीख, सोमवार

आज कमाल झाली. दुपारी घरी आले तेव्हा मीटरवर चौतीस. जरा काळजी वाटली, खोटं कशाला बोलू. जेवून झोपले. माझी दुपारची झोप म्हणजे शेजारी भिंत पाडली तरी मोडत नाही. उठून खाली गेले तर ऐंशी.

हात लावला नाही, प्लग लावला नाही, आणि चौतीसचे ऐंशी.

जिना चढेपर्यंत डोक्यात प्रकाश पडला. उतारावर झालेला करंट लगेच मीटरवर येत नाही. तो मुरावा लागतो. आपण दमून आलो की लगेच ताकद येते का? पडतो, डोळा लागतो, मग येते. गाडीलाही दुपारची झोप लागते.

हे चालून आले तेव्हा यांना सांगितलं. हे खाली वाकून बुटाची नाडी सोडत होते. पुष्कळ वेळ सोडत होते. मग म्हणाले, असेल बाई.

मी बजावलं, मी झोपले असताना कुणाला गाडीजवळ जाऊ देऊ नका. म्हणाले, मी लक्ष ठेवतो.

१२ तारीख, बुधवार

मुरतो. रोज मुरतो. आज सत्त्याऐंशी.

नवीन गाडी आहे, अजून बसते आहे. सीट आपोआप मागे सरकते, रोज संध्याकाळी मला पुढे ओढून घ्यावी लागते. आरसाही वर बघत असतो. व्हॅनचंही सुरुवातीला असंच होतं की नाही ते आठवत नाही.

यांचं चालणं नेमाने चालू आहे. दोन-दोन तास चालतात, आणि पोट वाढतंय. मी बोलले तर म्हणाले, चालल्याने भूक लागते.

१५ तारीख, शनिवार

थोरली तपासायला आली. वर यायच्या आधी खाली गाडीत डोकावून आली आणि दारातूनच विचारलं, "आई, कुठे चार्ज करतेस?"

"करत नाही. मुरवते."

तिला सगळं नीट सांगितलं. तिने वडिलांकडे बघितलं. हे बशीतला चहा फुंकत होते. चहा केव्हाच गार झालेला. थोरली शिकलेली आहे, तिला हे पटणार नव्हतंच. असं काही नसतं म्हणाली, कुठे ना कुठे तू तोंडावर पडणार. आणि मग मोठी ऑर्डर तिच्या कानावर गेली. टेकडीवरचं नवं अतिथीगृह, सगळ्या खोल्यांचे पडदे, अठ्ठावीसला लावून द्यायचे. आजवरचं माझं सगळ्यात मोठं काम. थोरली म्हणाली, त्या दिवशी मी रजा घेते आणि तुझ्या शेजारी बसते. पोचलो आणि परत आलो तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. वाटेत थांबलो तर तिथूनच शोरूमला फोन.

मी म्हटलं, रजा घेतेस तर शिडी धरायला ये.

१७ तारीख, सोमवार

दार वाजलं. सेक्रेटरी. आत येऊन बसले, पाणी प्यायले, खिडकीच्या पडद्याचं कौतुक केलं. गेली बारा वर्षं तोच पडदा आहे. मग हळूच म्हणाले की जावयाने गाडी घेऊन दिली. विजेवरची.

मला फार आनंद झाला. तो तोंडावर दाखवला नाही.

मला पॉइंट नाकारला आणि आता स्वतःसाठी बसवायचा तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून विचारायला आलेले. "काकू, तुम्ही वायर न लावता चालवता कशी?"

मी सगळं सांगितलं, हातचं राखून ठेवलं नाही. चढ कुठून, उतार कुठून, दुपारी मुरवणं. हे मध्येच उठून उभे राहिले. म्हणाले, सेक्रेटरी, यात थोडी, म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वभाव वेगळा असतो. मी म्हटलं, अहो बसा, तुम्हाला गाडीतलं काय कळतं.

१९ तारीख, बुधवार

सेक्रेटरींची गाडी भाजीबाजाराच्या तोंडाशी बंद पडली. मागे सगळा रस्ता तुंबला. ट्रकवर चढवून आणली, आणि ट्रकवर बसायला जागा नव्हती म्हणून सेक्रेटरी गाडीतच बसून आले, बाजारातून, वरून, सगळ्यांना दिसत.

तसेच आमच्याकडे आले. मी विचारलं, दुपारी मुरू दिलात का? दिला म्हणाले, तीन तास गाडीत बसून मीटरकडे बघत होतो, एक टक्का हलला नाही. मी म्हटलं, हलेल कसा? कुणी तीन तास टक लावून तोंडाकडे बघत बसलं तर तुम्हाला तरी झोप लागेल का?

त्यावर म्हणाले, तुमची गाडी काल दुपारी जागेवर नव्हती. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलून घ्या. हे तेवढ्यात आत पाणी आणायला गेले ते आलेच नाहीत.

२२ तारीख, शनिवार

नणंदबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन. बसने अर्ध्या दिवसाचा रस्ता. हे धाकटे भाऊ, यांना जायलाच हवं. पण निघायलाच तयार नाहीत. दुसरं कुणी जाईल म्हणे. ऑर्डर पुढे ढकलता येईल का म्हणे. मी विचारलं, तुमचा आणि ऑर्डरचा काय संबंध? तुम्ही काय करता? दुपारी चालता.

"हो," म्हणाले. "चालतो."

बॅग मीच भरली. आज दुपारी मात्र नेहमीपेक्षा फार जास्त चालून आले, पार अंधार पडता पडता. संध्याकाळी मीटर बघितलं तर शंभर. एवढा कधी मुरला नव्हता.

२३ तारीख, रविवार

हे गेले. जाताना दारात म्हणाले, फार फिरवू नकोस गं. मी म्हटलं, डोळ्यात थेंब वेळेवर घाला त्यांच्या.

२५ तारीख, मंगळवार

शंभरचे त्रेसष्ट. मुरत नाही.

दुपारी उतारावरून दोनदा आणली. झाडाखाली लावली. टपावर जुनं अस्तर घातलं. उठून बघितलं तर जेवढ्यास तेवढी. खरं तर उठून म्हणायलाही अर्थ नाही, डोळाच लागला नाही. घर नको इतकं शांत आहे. इतकी वर्षं हे घरात असले तरी आवाज करत नाहीत, मग आता कशाने शांत झालं कळत नाही. मलाच झोप नाही तर गाडीला कुठून येणार.

त्यात माझी धावपळ वाढलेली. कापड कमी पडलं, पडदे अडकवायचे आकडे कमी आले, अतिथीगृहाच्या दोन खिडक्या पुन्हा मोजायला जावं लागलं.

२६ तारीख, बुधवार

यांचा फोन. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, पहिला प्रश्न, "किती आहे?"

"एक्केचाळीस."

  मग म्हणाले, "अगं, एकदा चार्जरवर जाऊन ये. माझं ऐक."

मी पाय ठेवणार नाही म्हणून सहा गाड्यांसमोर सांगितलंय. बोलल्यावर बोलले. शिवाय तिथे बसायला वेळ कुणाला आहे, अजून नऊ पडद्यांच्या चुण्या घालायच्यात.

"मी येतो," म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही येऊन काय करणार, बॅटरीत बसणार? नणंदबाईंजवळ राहा.

२७ तारीख, गुरुवार

शेवटचं कापड आणायला जावंच लागलं. मीटरवर अठरा. मुरेल म्हणून वाट बघितली. एकदा झोपले, उठले, पुन्हा झोपले. अठरा.

गाडी गेली तर काय, असं आज पहिल्यांदा डोक्यात आलं. थोरलीच्या घराला खिडक्या किती ते मोजून बघितलं. सगळ्यांना पडदे आहेत. मीच शिवलेत. तिथे मला करायला काही नाही.

यांचा फोन आला नाही. मीही केला नाही.

२८ तारीख, शुक्रवार

सकाळी थोरली आली. पडदे मागे रचले, रॉड तिरके टाकले, शिडी वर बांधली. मीटर बघून थोरलीने फोनमध्ये शोरूमचा नंबर काढून ठेवला. 

वळणाच्या रस्त्याने निघालो. खिडक्या बंद, पंखा बंद. थोरलीने फोन चार्जिंगला लावला तो मी उपटून तिच्या पर्समध्ये टाकला. चढ गाडीच्या लक्षात येत नाही असं मी म्हणत होते, पण आज आला. बहुतेक पडद्यांच्या वजनाने. दहा. सात. मग मीटरवर एक छोटं कासव आलं. थोरलीने विचारलं, आई, हे कासव कशाचं? मी म्हटलं, सावकाश चालवल्याचं बक्षीस असेल. गाडी चालत होती त्यापेक्षा मी उतरून चालले असते तर आधी पोचले असते. शेजारून एक म्हातारे गृहस्थ पिशवी घेऊन पुढे निघून गेले.

थोरलीने पर्समध्ये हात घातला. "आई, आता बस झालं. मी शोरूमला फोन लावते."

"थांबली आहे का?" मी म्हटलं. "चालते आहे अजून. अट थांबल्यावरची आहे."

ती काही बोलणार तेवढ्यात वळण संपलं आणि पुढे बस थांबा. थांब्यावर हे. हातात बॅग, मी भरलेली तीच. पहाटेच्या बसने आले होते. नणंदबाईंनीच हाकललं म्हणे, की डोळा माझा आहे आणि तू का रडवेला होऊन बसलास.

रस्त्यापलीकडे चार्जर. आज पाच गाड्या होत्या आणि एक प्लग रिकामा. कुणी लावत नव्हतं. सगळे खुर्च्यांवरून उठून रस्त्याकडे बघत होते. गुडघेवाले तर रस्त्याच्या मध्ये उभे राहून बाकीच्या गाड्या थांबवत होते.

मी काच खाली केली. म्हटलं, मी तिथे पाय ठेवणार नाही.

"तू ठेवू नकोस," हे म्हणाले. "तू इथे उतर. मी आत नेतो."

यात काही चूक काढता येईना. उतरले. गाडी पुढे जाताना क्षणभर थांबली का हे थोरली बघत होती. मी म्हटलं, माणूस उतरायला थांबणं म्हणजे बंद पडणं नव्हे, तशी बसही थांबते. तिने मान्य केलं. बहुतेक तिचं लक्ष दुसरीकडे होतं.

तिचं लक्ष वडिलांकडे होतं. माझंही गेलं. यांनी सीट मागे घेतली, आरसा वर केला, उलटी घेऊन एका झटक्यात गाडी आत लावली. न बघता झाकण उघडलं, न बघता प्लग बसवला. चहावाल्याने न विचारता कप आणून हातात दिला, वर दोन बिस्किटं. गुडघेवाले म्हणाले, काका, आठवडाभर तुम्ही नाहीत, आम्हाला करमेना. चार खुर्च्यांवर चार पुस्तकं पालथी पडली होती. चारींना तपकिरी कव्हरं. आमच्या कपाटातली कव्हरं मीच कापून दिलेली असतात, मला लांबून ओळखू येतात.

रस्त्याच्या अलीकडे कठड्यावर मी बसले. हे तिकडे सगळ्यांच्या मध्ये उभे राहून काहीतरी सांगत होते, हातवारे करून. सगळे हसले. ग्रंथालयात यांनी कुणाला एवढ्या मोठ्याने हसू दिलं नसतं.

थोरली माझ्या शेजारी येऊन बसली. तिने माझा हात धरला. "आई, कळलं का तुला?"

मी म्हटलं, मला पुढचे पडदे दिसताहेत, बाकी काही नाही. उठ, अस्तराला चुण्या पडतील, ते गाडीतून काढून इकडे आण, नीट घड्या घालू.

अतिथीगृहाचे सगळे पडदे लावून झाले. यांनी शिडी धरली. परत येताना उतारावर एक टक्का वाढला. तो मी सगळ्यांना दाखवला.

३१ तारीख, सोमवार

महिना संपला. गाडी राहिली. थोरली तोंड उघडणार नव्हती, तिने शब्द पाळला, फोनवरही नुसतं हूं हूं करत होती.

सकाळी सेक्रेटरी आले, छाती पुढे काढून. दारोदार फिरून सगळ्यांच्या सह्या आणल्या, स्वतःसाठी आणल्या ते उघडच आहे. पार्किंगमध्ये पॉइंट मंजूर. ज्यांच्या गाड्या आहेत त्या प्रत्येकाला आपापल्या जागेवर एक. म्हणाले, काकू, आता कुठे जायला नको, मुरवायला नको. खाली उतरा, वायर लावा, वर या.

हे खिडकीपाशी पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही. मग यांनी पेपर घडी करून ठेवला आणि टेबलावरच्या कात्रीला हात लावला. मग टेपला. मग बटणांच्या डब्याला.

मी सेक्रेटरींना म्हटलं, आम्हाला नको.

त्यांना वाटलं मी अजून रागावलेय. माफीही मागितली बिचाऱ्यांनी. मी म्हटलं, राग नाही, आमच्या गाडीला वायर मानवत नाही. तुम्ही लावा, आमची जागा वाटल्यास तुम्ही घ्या. डोकं हलवत गेले.

"का गं?" हे म्हणाले. "सोयीचं झालं असतं."

"खाली वायर, वर बिल, परत त्यांची सभा. कुणी सांगितलाय तो व्याप."

जेवणं झाली. हे बूट घालून आले आणि म्हणाले, चालायला जाऊन येतो. मी म्हटलं, या सावकाश, घाई नाही. आणि भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडले, म्हणजे किल्ली उचलताना यांना लाजल्यासारखं व्हायला नको.